समाधानाचा अंगठा

भाद्रपदातला सोमवार, सकाळचा पहिला प्रहर. लोकरवाडीच्या वरच्या अंगाचा सरकारी बंधारा फुटला. गावात तेव्हा चुली पेटल्या होत्या. खालची आळी पाण्याखाली गेली. तेवीस माणसं मेली.

लोकरवाडी हे घोंगडी विणणाऱ्यांचं गाव. पुरुष मागावर बसत. बाया लोकर कातत, चिंचोके भाजून दळत आणि त्यांची खळ शिजवत. ती खळ फासली की घोंगडीला ताठपणा येतो. याच गावात कोंडाबाई नावाची एक बाई राहत होती. तिचा नवरा धुळा त्या तेवीसांत गेला. बंधाऱ्याला भेग पडल्याचं सगळ्यांत आधी त्यानेच पाहिलं होतं. श्रावणात तो तीनदा दिवाणांच्या कचेरीत सांगायला गेला. तिन्ही वेळा एकाच कारकुनाने एकच उत्तर दिलं, "वर कळवतो. जा."

कोंडाबाईची झोप उडाली. घास तोंडात फिरे, पण गिळवत नसे. घागरीत पाणी पडल्याचा आवाज आला तरी तिचे हातपाय गार पडत.

लोकरवाडीत दुःख निभावण्याची एक जुनी वहिवाट होती. ज्या घरचं माणूस जाई, त्या घरचा माग थांबू देत नसत. शेजारीपाजारी पाळीपाळीने येऊन रोज वीतभर विणत. विणताना गेलेल्या माणसाविषयी बोलत. चांगलं बोलत, वाईटही बोलत. घरच्या बाईने फक्त खळ शिजवायची आणि आलेल्या माणसाबरोबर अर्धी का होईना भाकरी खायची. ही घोंगडी एकसारखी उतरत नसे. कुणाचा हात घट्ट, कुणाचा सैल. पण ती पुरी होईतो घर पुन्हा उभं राहिलेलं असे.

कोंडाबाईकडे शेजारची बाळाईकाकू आणि तिचा नवरा यायला लागले होते. चार दिवस माग चालला. पाचव्या दिवशी कोंडाबाई दुपारी तासभर झोपली.

सहाव्या दिवशी गावात दवंडी पिटली.

दिवाणांनी काय केलं? बंधाऱ्यावर माती टाकली नाही. चौकशी बसवली नाही. त्यांनी गावाला मनःशांती पाठवली. प्रसन्नशास्त्री नावाचे एक गृहस्थ पालखीतून आले आणि त्यांनी पारावर नियम वाचून दाखवले. पहाटे उठावं. श्वास मोजावेत. रोज तीन चांगल्या गोष्टी आठवाव्यात. येत्याजात्याकडे पाहून हसावं. आणि शेवटचा नियम: झाल्या गोष्टीविषयी चकार शब्द काढू नये, बोलल्याने दुःख वाढतं.

पहिल्या चार नियमांत वाईट काहीच नव्हतं. विष शेवटच्यात होतं. गावाने भाबडेपणाने तोही पाळला. दुसऱ्याच्या मागावर बसायचं म्हणजे बोलणं आलंच. बोलायचं नाही, म्हणून लोक जाईनासे झाले. ती तेवीस माणसं सतरा घरांतली होती; त्या सतराही घरांचे माग एका आठवड्यात थांबले. बाळाईकाकूही दारावरून मान खाली घालून जाऊ लागली.

कोंडाबाईच्या समोरच म्हाकूआजोबा राहायचे. त्यांचे दोन मुलगे गेले होते. म्हातारा दिवसभर भिंतीला टेकून बसे आणि येईल जाईल त्याच्याकडे पाहून हसे, कारण तसा नियम होता. तीन दिवस त्यांच्या चुलीतून धूर निघाला नाही. शास्त्रीबुवांनी आपल्या वहीत लिहिलं, "म्हाकू: प्रगती उत्तम."

महिनाभराने शास्त्रीबुवा घरोघर अंगठे घ्यायला निघाले. कोंडाबाईच्या ओट्यावर ते ऐसपैस बसले.

"श्वास मोजता ना, बाई?"

"मोजते."

"बरं वाटतं?"

"थोडं वाटतं. खोटं कशाला बोलू?"

"छान. आणि तीन चांगल्या गोष्टी?"

"त्याही आठवते. आमच्या घरधन्यांनी भेग पाहिली, ही एक. कचेरीत जाऊन सांगितली, ही दुसरी. हाकलून दिलं तरी पुन्हा गेले, ही तिसरी."

शास्त्रीबुवांचं हसू जागच्या जागी राहिलं. "त्याविषयी बोलायचं नाही असं ठरलंय."

"कुणाचं ठरलंय?"

त्यांनी कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं: आमच्या मनाचं समाधान झालं असून आमची काही तक्रार उरलेली नाही.

"सोळा घरांचे अंगठे झाले," ते म्हणाले. "तुमचा झाला की दिवाणसाहेब प्रकरण मिटवतील. दैवी कोप, असा शेरा पडेल."

"आणि नाही दिला तर?"

"तर तुमचं मन अजून आजारी आहे, असं लिहावं लागेल. आजारी मनाच्या माणसाची तक्रार कचेरीत दाखल होत नाही."

म्हणजे अंगठा दिला तर तक्रार संपली, आणि नाही दिला तर तक्रार वेडीची. हा डाव ज्याने रचला त्याला झोप लागत असेल का, हे शास्त्रीबुवांनी कधी विचारलं नव्हतं.

कोंडाबाई थकली होती. अंगठा दिला तर निदान हा माणूस उद्या येणार नव्हता. तिचा हात शाईकडे गेलाही. तेवढ्यात तिची नजर समोर गेली. म्हाकूआजोबा तिच्याकडे पाहून हसत होते. ओठांवर माश्या बसल्या होत्या, आणि ते हसत होते.

तिने हात मागे घेतला.

"लिहा, आजारी," ती म्हणाली. "आणि उठा आता. मला काम आहे."

ती सरळ म्हाकूआजोबांच्या घरात शिरली. बाईने मागावर बसायची रीत नव्हती. ती बसली. आडवा धागा नेणारा धोटा चुकीच्या बाजूने गेला, धागा तुटला, तिने तो गाठला. मग म्हणाली, "आजोबा, तुमचा थोरला भारी भांडखोर होता. माझ्या कोंबडीला धोंडा मारला होता त्याने."

म्हाताऱ्याचं हसू थांबलं. "तुझी कोंबडी आमच्या लोकरीत अंडी घालायची," तो म्हणाला. "पोराचं काय चुकलं?" आणि महिनाभरात पहिल्यांदा तो रडला. रडून झाल्यावर म्हणाला, "विणतेस का गोणपाट शिवतेस? सरक तिकडं. आणि भाकरी टाक दोन."

दुसऱ्या दिवशी बाळाईकाकू कोंडाबाईच्या दारात आली. "मी मूर्ख, त्या पालखीवाल्याचं ऐकलं," एवढंच बोलली आणि चिंचोके निवडायला बसली. आठवड्यात सतराही घरांचे माग पुन्हा वाजू लागले.

बाजाराच्या दिवशी सतरा घरांची माणसं कचेरीत गेली. सोळा घरांनी अंगठे परत मागितले. कारकून म्हणाला, "दिलेला अंगठा परत मिळत नाही." कोंडाबाई म्हणाली, "मग आमचा प्रश्न घ्या. श्रावणात तीनदा सांगितलेली भेग तुम्ही कुणाला कळवलीत?"

कारकुनाने आत जाऊन दार लावलं.

तेव्हापासून दर बाजारी लोकरवाडीची माणसं त्या दारासमोर बसतात. लोकर कातायची चाती फिरवतात, भाकरी सोडतात, मेलेल्यांची नावं घेऊन बोलतात. ज्याचा जीव थकला असेल त्याला त्या खेपेला घरी राहायला सांगतात आणि त्याची जागा दुसरा घेतो. कोंडाबाई अजून पहाटे श्वास मोजते. झोप लागते तिला, रोज नाही. सातव्या बाजारी कारकून दिसेनासा झाला. "बदली झाली," शिपाई म्हणाला. आज सव्विसावा बाजार आहे.

तात्पर्य: मन सावरायला शेजार, भाकरी, हाताला काम आणि मोकळं रडणं लागतं, पण मन सावरा म्हणणारा जर तोंड बंद ठेवा असंही म्हणत असेल, तर तो तुमचं मन नव्हे, आपली खुर्ची सावरतो आहे, हे ओळखावं आणि सावरल्या मनाने त्याला जाब विचारावा. कारकुनाची बदली कुठे झाली, ते कचेरीने अजून सांगितलेलं नाही.