गुणवंतशेठची पाटी

हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं, शप्पथ. त्या दिवशी मी सासुरवाडीला होतो, एवढंच.

चिचटोल्याच्या तळ्यात बेशरमाची झुडपं इतकी माजली, की मासे अंडी घालायचे थांबले. मासळीवर जगणाऱ्या ढिवर बायांची पुढारी कौतिकाबाई हिने धावपळ केली आणि तळं सुधारायचं ठरलं. निम्मे पैसे सरकारचे, निम्मे राईसमिलवाल्या गुणवंतशेठचे, घाम गावाचा. शेठनी हात आखडला असता तर सरकारचा पैसाही परत जाणार होता.

शेठ पाहणीला आले. "आधी माझ्या नावाची संगमरवरी पाटी. काम होईल सावकाश."

सोबत आलेल्या सरकारी साहेबांनी लगेच मान डोलावली.

"लावू ना जी," कौतिकाबाई म्हणाली. "घाटाजवळ, कमरभर पाण्यात, पार तळाशी."

"पाण्याखाली? वाचणार कोण?"

"सारा गाव वाचते जी. गाळ निघाला, पाणी निवळलं, की नाव काठावरूनच दिसते. आन् नाही निवळलं, तं अशा घाणीवर तुमचं नाव कोनाले दिसू नये. तुमच्या इज्जतीची एवढी काळजी तं आमाले हाये."

जमलेला गाव बघत होता. शेठना नाही म्हणता येईना. पाटी बुडाली आणि दुसऱ्याच दिवशी पैसे आले. बायांनी बेशरम उपटलं, माशांना लागणाऱ्या पाणवनस्पती लावल्या. शेठ रोज ड्रायव्हरला पाठवून विचारत, "दिसतं का रे नाव?"

यातला ड्रायव्हर मी घुसडला. शेठ स्वतःच घाटावर ओणवे होऊन बघत. पण तसं सांगितलं तर कुणी विश्वास ठेवत नाही.