टिकलीचा जवसाचा दाणा

एक होती मुंगी. तिचं नाव टिकली. एवढीशी, तिळाएवढी.

टिकलीला सापडला जवसाचा एक दाणा. चपटा, तपकिरी, गुळगुळीत. तिने एकटीने उचललेला हा पहिलाच दाणा. घरी नेऊन सगळ्यांना दाखवायचा होता. तुरुतुरु तुरुतुरु ती निघाली.

वाटेत होता तेलाचा लाकडी घाणा. टिकली त्याच्यावर चढली. दाणा सटकला. सुळकन! गेला घाण्याच्या फटीत.

टिकलीला रडू आलं. मग तिने डोळे बारीक केले. घाण्याचं तोंड तेलकट होतं. यानेच गिळला असेल!

"घाणेदादा, माझा दाणा द्या."

घाणा म्हणाला, "दाणा तुझाच, कशावरून? बैल मला फिरवेल, तेव्हा फट हलेल. तोवर नाही."

तुरुतुरु तुरुतुरु. टिकली गेली बैलाकडे. बैल बसून काहीतरी चघळत होता. टिकलीला संशय आला. माझाच दाणा चघळतोय की काय?

"बैलोबा, उठा.
दाणा पडला फटीत,
घाणा काही फिरेना,
माझा दाणा मिळेना."

बैल म्हणाला, "खरं बोलतेस, कशावरून? माझं पोट गच्च झालंय. जवसाची पेज मिळाली, तर उठेन. तोवर नाही."

तुरुतुरु तुरुतुरु. टिकली गेली बैलाच्या मालकिणीकडे, सुंदराकाकूंकडे. काकू भाकरी खात होत्या. भाकरीवर होती जवसाची चटणी. टिकलीने डोळे बारीक केले. या चटणीत माझा दाणा तर नाही?

"काकू, पेज करा.
दाणा पडला फटीत,
घाणा काही फिरेना,
बैल काही उठेना,
माझा दाणा मिळेना."

काकू म्हणाल्या, "तू साखर चोरायला आली नाहीस, कशावरून? घरात पाणी नाही. रहाट फिरेल, तेव्हा पेज शिजेल. तोवर नाही."

तुरुतुरु तुरुतुरु. टिकली गेली विहिरीवर. रहाट म्हणाला, कुईं कुईं. टिकलीला संशय आला. याच्या घशात माझाच दाणा अडकलाय की काय?

"रहाटमामा, पाणी काढा.
दाणा पडला फटीत,
घाणा काही फिरेना,
बैल काही उठेना,
पेज काही शिजेना,
माझा दाणा मिळेना."

रहाट म्हणाला, "मला ढकलणार नाहीस, कशावरून? माझं लाकूड वाळलंय. जवसाचं तेल मिळालं, तर फिरेन. तोवर नाही."

तुरुतुरु तुरुतुरु. टिकली गेली तेलाच्या बरणीकडे. बरणीचं पोट केवढं मोठं! टिकलीने डोळे बारीक केले. हिच्या पोटात किती दाणे गेले असतील?

"बरणीताई, तेल दे.
दाणा पडला फटीत,
घाणा काही फिरेना,
बैल काही उठेना,
पेज काही शिजेना,
रहाट काही वळेना,
माझा दाणा मिळेना."

बरणी म्हणाली, "मला पुन्हा भराल, कशावरून? आधी तुझ्या घरचा मूठभर जवस माझ्याजवळ ठेव. तोवर नाही."

टिकली घरी गेली. दारात थोरली मुंगी बसली होती. टिकलीने तिला सगळं सांगितलं.

थोरली म्हणाली, "बरणी आपला जवस गिळणार नाही, कशावरून?"

टिकलीलाही तीच भीती वाटत होती. मग हळूच म्हणाली, "मला नाही माहीत. तरी द्या."

थोरलीने खूप विचार केला. मग ती बाजूला सरकली. आतून निघाली मुंग्यांची रांग. एक मुंगी, एक दाणा. एक मुंगी, एक दाणा. मूठभर जवस बरणीपाशी जमला.

बरणीने दिलं तेल, थब थब.
रहाट लागला फिरू, गरगर.
काकूंनी केली पेज, रटरट.
बैल प्यायला पेज, भुरर्र भुरर्र.
थोडा वेळ गेला आणि... भद्द! शेणाचा हा मोठा पो!
पोट झालं हलकं. बैल उठला.
घाणा फिरला, कर्र कर्र.
फट हलली. दाणा पडला बाहेर. टप्प.

घाण्याने काकूंच्या जवसाचं नवं तेल काढलं. काकूंनी बरणी काठोकाठ भरली. बरणीने सगळा जवस परत दिला. मुंग्या घरी गेल्या. सगळ्यात मागे टिकली, तिच्या दाण्यासकट.

थोरली दारातच होती. म्हणाली, "हा दाणा तूच आणलास, कशावरून?"

टिकलीने दाणा थोरलीपुढे ठेवला. थोरलीने मिशा टेकवल्या. हुंगलं. पुन्हा हुंगलं. दाण्याला टिकलीचा वास येत होता. दुसऱ्या कुणाचाच नाही.

"या टिकलीबाई," थोरली म्हणाली, "आत या."

बैलाचं पोट मोकळं, आपली गोष्ट मोकळी.