सुरंगीचा नवस

डोंगरावरच्या घंटामाउलीला नवस फेडायला लोक घंटा वाहत. देवळाभोवतीच्या झाडांवर सोनेरी, तांबूस, पिटुकल्या घंटा किणकिणत असत.

पायथ्याच्या झोपडीत सुरंगी आणि तिची आई राहत. तापाने आईच्या पायांतलं बळ गेलं होतं. घंटा कुठून आणणार? सुरंगीने केशरी अबोलीची इवलीशी वेणी गुंफली आणि आईसाठी नवस बोलायला एकटीच डोंगर चढली.

देवळामागच्या बागेत कोळ्याच्या जाळ्यात काहीतरी चमचमत होतं. ती एक चिमुकली परी होती! सुरंगीने हलक्या बोटांनी तिचे निळे-जांभळे पंख सोडवले.

परीने तिला एक शुभ्र मोगऱ्याची कळी दिली. कळी हातात धरून एक इच्छा मागायची, पण एकदाच. मग कळी कोमेजणार आणि मागितलेलं परत घेता येणार नाही.

सुरंगीला आनंदाने रडूच आलं. आईचे पाय बरे होऊ देत, असं म्हणायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात पायरीवर बसलेल्या एका बाईचा हुंदका ऐकू आला. तिच्या मांडीवरच्या तान्हुलीचा श्वास अडकत होता, ओठ निळे पडत होते.

सुरंगीने एकदा खाली, आपल्या झोपडीकडे पाहिलं. मग डोळे मिटून ती म्हणाली, "या बाळाला बरं वाटू दे."

बाळाने मोठ्ठा श्वास घेतला आणि टाहो फोडला. त्या बाईने लेकीला उराशी कवटाळलं. सुरंगीच्या हातातली कळी मात्र सुकून गेली.

"आता आईचं काय गं?" परीने हळूच विचारलं.

"आईला मी हात धरून चालवीन, परीताई. बाळ थांबू शकलं नसतं."

परीने तिच्या गालावरचा अश्रू पंखाने टिपला. "स्वतःचं बाजूला ठेवून दुसऱ्यासाठी मागणाऱ्याला माउली रिकाम्या हाती पाठवत नाही, बाळ," ती म्हणाली. मग गुलाबी, सोनेरी, चंदेरी उजेड बागभर पसरला आणि परी त्यात विरघळून गेली.

सुरंगीने माउलीला वेणी वाहिली आणि ती मागे वळली. पायऱ्या चढून आई येत होती, हातात भाकरीचं फडकं घेऊन.

"सकाळपासून उपाशी आहेस ना," आई म्हणाली. "म्हणून घेऊन आले."

आपण चालत आलो, हे तिच्या अजून लक्षातच आलं नव्हतं.