भोपळ्याखालचं दार

दसऱ्याला हौसाकाकीने तीन भोपळे आणले. एकाची भाजी झाली. एकाचे घारगे झाले. तिसरा उरला. काकीने तो अंगणात ठेवला. धप्प.

नेमका टिंगी मुंगीच्या दारावर.

टिंगी दाणा घेऊन आली. तुरूतुरू, तुरूतुरू. बघते तर काय, दार नाही. दाराच्या जागी हा मोठ्ठा भोपळा. आणि आत तिची पाच बाळं. टिंगीच्या तोंडचं पाणीच पळालं. दाणा पडला. टप्प.

"भोपळ्या, भोपळ्या, सरक. दार उघडेना. बाळं माझी आत."

भोपळा म्हणाला, "मला ना हात, ना पाय. काकी मला चिरेल, तेव्हा मी सरकेन."

टिंगी थक्क. मिशा ताठ. एवढा मोठा गडी, आणि त्याला सरकता येईना.

निघाली तुरूतुरू, तुरूतुरू. काकी चुलीपाशी होती.

"काकी, काकी, भोपळा चीर. भोपळा सरकेना. दार उघडेना. बाळं माझी आत."

काकी म्हणाली, "अख्ख्या भोपळ्यावर पहिला घाव बाईनं घालायचा नसतो. आमच्याकडे तशी रीत आहे. काका घाव घालतील, तेव्हा मी चिरेन."

टिंगी थक्क. मिशा ताठ. घरभराची भाजी चिरते काकी, आणि भोपळ्याला मात्र घाबरते.

निघाली तुरूतुरू, तुरूतुरू. हरबाकाका खाटेवर होते.

"काका, काका, घाव घाला. काकी चिरेना. भोपळा सरकेना. दार उघडेना. बाळं माझी आत."

काका म्हणाले, "कोयता पूजेला बसलाय. तो उठेल, तेव्हा मी घाव घालेन."

टिंगी थक्क. मिशा ताठ. दसरा होऊन चार दिवस झाले, तरी पूजाच.

निघाली तुरूतुरू, तुरूतुरू. पाटावर कोयता होता. गळ्यात झेंडूची माळ. माळ वाळून गेली होती, पण कोयत्याला मानाची चटक लागली होती.

"कोयत्या, कोयत्या, ऊठ. काका घाव घालेनात. काकी चिरेना. भोपळा सरकेना. दार उघडेना. बाळं माझी आत."

कोयता म्हणाला, "माळ आहे तोवर पूजा आहे. शेळी माळ खाईल, तेव्हा मी उठेन."

टिंगी थक्क. मिशा ताठ.

निघाली तुरूतुरू, तुरूतुरू. शेळी पाटाजवळच रवंथ करत होती.

"शेळी, शेळी, माळ खा. कोयता उठेना. काका घाव घालेनात. काकी चिरेना. भोपळा सरकेना. दार उघडेना. बाळं माझी आत."

शेळी म्हणाली, "वाळकी माळ कोण खाईल? आधी भोपळ्याचं साल दे. मग माळ खाईन."

भोपळ्याचं साल?

टिंगी थक्क. मिशा ताठ. पायसुद्धा ताठ. सालासाठी भोपळा चिरायला हवा. आणि भोपळा चिरायला ही शेळी हवी. फिरून फिरून टिंगी पुन्हा भोपळ्यापाशीच. पुढे जायला कोणी उरलंच नाही.

टिंगी खाली बसली. रडली. बाळं आत भुकेली असतील. ज्याचं जळतं, त्यालाच कळतं.

मग तिने डोळे पुसले. शेळीच्या पायावर चढली. पाठीवर चढली. कानावर चढली. आणि चावली.

चुट्.

शेळी उडाली. ब्यॅं ब्यॅं. थेट पाटावर. तोंडात आली माळ. कचकच, कचकच. शेळीने माळ खाल्ली. कोयता उठला, खण्ण. काकांनी घाव घातला, खच्च. काकीने चिरला, चर्र चर्र. भोपळा सरकला, गडगड गडगड.

दार उघडलं.

एक बाळ आलं. दोन आली. तीन आली. चार आली. पाचवं?

टिंगी थक्क. मिशा ताठ. धावत आत गेली. पाचवं बाळ गाढ झोपलं होतं. त्याला कशाचा पत्ताच नव्हता. टिंगीने त्याला घट्ट पोटाशी धरलं.

काकीने खाली बघितलं. मातीत इवलंसं दार, दारात मुंगीची बाळं. आता काकी थक्क.

"अगं बाई, मी तुझ्या दारावरच ठेवला होता की गं."

तिने भोपळ्याची गोड फोड आणली. हळूच खाली ठेवली. दारावर नाही हं, दाराशेजारी.

साल शेळीला. घारगे काकांना. आणि गोष्ट ज्यांनी ऐकली, त्यांनी आ करा.