पारड्याखालचा खडा

मंडळी, विश्वास कुणावर ठेवावा, चकाकणाऱ्यावर की गप्प लोंबणाऱ्यावर?

फार पूर्वी वसईच्या इनासशेठच्या तराजूचं एक पारडं हलकं होतं, म्हणून त्याखाली खडा बांधलेला असे. त्या पारड्यात बसणारं पितळी वजन हिणवी, "अरे लोंबत्या, तुला कोण विचारतं?" एकदा त्यानं धक्का मारून खडा पाडलाच.

दुपारी रोझामावशी सकाळी नेलेली तांदळाची पिशवी घेऊन परतली. "शेठ, तांदूळ कमी! तुमचं वजन चोर आहे." शेठनं ते मोडीत घालायला उचललं. तेवढ्यात उंबऱ्यातून खडा ओरडला, "शेठ, वजन खरंय! मीच सुटलोय, मला बांधा."

वजन ओशाळलं. "मी तुला पाडलं, तरी?"

खडा हसला. "बस रे वर, मावशी खोळंबल्यात."

तेव्हा मंडळी, हिशोब चोख ठेवा, आणि खाली लोंबणाऱ्याचं वजनही त्यात मांडा.