शिवलिंगअप्पांच्या ओट्यावरची झोप

“खरंच का गं, शिवलिंगअप्पांच्या ओट्यावर एक दुपार काढली की झोप...”

पुढचं गिरणीच्या घरघरीने खाल्लं. बोलणाऱ्या दोघी डबे उचलून निघूनही गेल्या.

झोप काय? येते, की उडते? माझ्या डोक्यात तेवढंच राहिलं.

अप्पा आमच्या समोरच राहतात. बार्शीहून सुटणाऱ्या लांबच्या बसगाड्या त्यांनी बत्तीस वर्षं चालवल्या, सगळ्या रात्रीच्या. त्यांच्या ओट्यावर कोण येतं, कोण जातं, ते मला दिसतंच. मुद्दाम बघावं लागत नाही.

आणि झोपेची खरी गरज होती शेजारच्या प्रणितला.

वडील गेले, आणि महिन्याभरात हा पाठीवर एक बॅग टाकून निघाला. चार महिने हिंडला. घरी आला तर आठ रात्री टक्क जागा. “इथे झोप लागली तर राहतो, नाहीतर शुक्रवारी जातो,” असं त्याने आईला सांगून टाकलं होतं. तो गेला की सुलभाताई, त्याची आई, घरात एकट्याच. माझ्याकडे येऊन नुसत्या बसायच्या, बोलायच्या नाहीत.

शुक्रवार आला. मीच त्याला अप्पांकडे नेलं. हातात शेंगाचटणीची वाटी घेतली. जायला काही निमित्त नको?

पाच वाजले होते. अप्पा ओट्यावर चिंचा फोडत बसले होते.

“किती गावं केलीस म्हणे?”

“शहाऐंशी शहरं, अप्पा. एकदाही लॉजवर उतरलो नाही. संध्याकाळी स्लीपर गाडीत चढायचं, सकाळी नवीन शहर. दिवसभर फिरायचं, रात्री पुन्हा गाडी.”

“अन् झोप?”

“झक्कास. वरच्या बर्थवर आडवा झालो की पाच मिनिटांत. घाट असू दे, खड्डे असू दे. माझ्याइतकं गाडीत कुणी झोपत नसेल.”

“अन् घरी?”

“घरी काही हलत नाही ना. अंगाला हलायची सवय झालीय. मी वाचलंय त्यावर.”

“मग पाळणा बांधायला सांग आईला.”

मला हसू आलं. प्रणितला नाही आलं.

अप्पांनी एक चिंच फोडली.

“शहाऐंशी शहरं, म्हणजे शंभर गाड्या तरी झाल्या. त्यातल्या एका ड्रायव्हरचं तोंड सांग.”

“तोंड?”

“मिशा होत्या? टक्कल होतं?”

“केबिनला दार असतं, अप्पा. आपण चढतो ते थेट बर्थवर...”

“नाव एखाद्याचं?”

प्रणित आठवत राहिला...

“असू दे,” अप्पा म्हणाले.

“तुम्ही उपाय सांगा ना. साडेआठची हैदराबादची गाडी आहे माझी.”

अप्पांनी हात पुसले. आतून चटई आणून अंथरली. उशाला टॉवेलची घडी ठेवली.

प्रणितने बूट काढले.

तोवर अप्पा स्वतःच आडवे झाले होते.

“अप्पा... झोपायचं मला होतं.”

“मलाही झोपायचंय. सून कामावरून आली नाही अजून. आत गॅसवर दूध आहे. अंगणात चिंचा वाळतायत, त्यांच्यावर शेळी टपलीय. कुणी जागं असलं तरच मला डोळा लागतो. तू बस.”

“बसून काय करू?”

“बसायचं.”

आणि अप्पा घोरायला लागले.

मी घरी जाऊ शकले असते. पण चटणीची वाटी रिकामी करून न्यायची होती, म्हणून थांबले.

प्रणितने मोबाइल काढला. शेळीने चिंचेत तोंड घातलं. तो अनवाणीच धावला. परत येऊन टेकतो तर दुधाचा वास. पुन्हा आत पळाला. त्यानंतर त्याने मोबाइल बाहेर काढला नाही.

कांदेवाला भोंगा वाजवत आला. प्रणितने गल्लीच्या तोंडाशी जाऊन त्याला सांगितलं, “भोंगा जरा बंद ठेवा, आमच्याकडे माणूस झोपलंय.”

साडेसहाच्या सुमाराला अप्पांचा उजवा पाय एकाएकी ताठ झाला. पाऊल जोरात दाबलं गेलं. पुन्हा दाबलं गेलं.

“काकू, काय होतंय यांना?”

“ब्रेक,” मी म्हटलं. “झोपेत दाबतात. सून सांगते, रोजचंच आहे.”

प्रणित बघत राहिला. मग पुढे सरकून त्याने त्या पावलावर हात ठेवला. नुसता ठेवला...

पाय सैल पडला.

दिवे लागले. सुनेचा पत्ता नाही.

“आता उठव बाबा त्यांना,” मी म्हटलं. “तुला बॅग घ्यायचीय अजून.”

“सून आली की जातो.”

“सव्वाआठ झाले रे.”

“काकू, हळू बोला.”

साडेआठची गाडी साडेआठला गेली. सून नऊला आली. चटईकडे बघून म्हणाली, “असे झोपलेले मी लग्न होऊन आल्यापासून पाहिले नाहीत.”

अप्पा उठले. चूळ भरली.

“दूध?”

“बंद केलं,” प्रणित म्हणाला.

“बरं.”

एवढंच बोलणं झालं.

सकाळी मी अंगण झाडत होते. जरा जास्तच वेळ झाडत होते. प्रणित अप्पांच्या ओट्यापाशी येऊन उभा राहिला. डोळे लाल.

“अप्पा, तुमचा उपाय फुकट गेला. मला झोप आली नाही.”

“अन् आईला?”

प्रणित ओट्याच्या कडेला टेकला.

“घरी गेलो तर ती दारातच बसलेली. म्हटलं, तू पड, मी जागा आहे. तर दोन मिनिटांत झोपली. आठ रात्री मी बाहेर चकरा मारत होतो, तेव्हा ती आत डोळे मिटून जागी असायची म्हणे. मला वाटायचं, झोपलीय.”

“तू अजिबात नाही?”

“पहाटे अर्धा तास असेल. तिच्या खोलीच्या दारातच, भिंतीला टेकून.”

म्हणजे गिरणीत मी ऐकलं ते निम्मंच होतं. झोप येते, पण जो मागायला जातो त्याला नाही.

“आजही रात्री गाडी आहे हैदराबादची,” प्रणित म्हणाला. “सांगा अप्पा, आज मी काय करू?”

अप्पांनी चिंच फोडली. चिंचोका वेगळा केला...

“आज आईला जागं राहायला सांग.”