ओतारी आणि राजधानीतली खोली

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक ओतारी राहायचा. धातू वितळवून साच्यात ओतायचा आणि देवळांसाठी घंटा घडवायचा. त्याच्या घंटेचा नाद इतका गोड की लांबलांबच्या गावांचे लोक त्याच्याकडेच यायचे. त्याची बायको सुईण होती. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची कितीतरी पोरं तिच्या हातावर जन्मली होती. घराला लागून भट्टी, मागे परस, परसात विहीर. दोन मुली आणि एक रांगतं बाळ. घर लहान, पण स्वतःचं.

एके दिवशी राजधानीहून राजाचा कारभारी आला. म्हणाला, "राजेसाहेबांनी मोठी ओतशाळा बांधली आहे. तिथे मुख्य ओतारी म्हणून तू ये. इथे मिळवतोस त्याच्या तिप्पट पगार मिळेल. पौर्णिमेपर्यंत काय ते कळव."

बातमी गावभर झाली. जो तो ओताऱ्याची पाठ थोपटू लागला. तो तर मनाने केव्हाच राजधानीत पोचला होता. पगारापेक्षाही त्याला भुरळ पडली होती ती तिथल्या भट्टीची. माणूस आत उभा राहील एवढी घंटा ओतायची संधी या गावात कधी मिळणार?

बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अहो, पण तिथे चूल मांडायची कुठे?"

"अगं, एवढा पगार म्हटल्यावर घर मिळेलच की!"

"मिळेलच, तर आधी बघून येऊ. दोघंही जाऊ."

मुलींना शेजारणीकडे ठेवून आणि बाळाला कडेवर घेऊन दोघं निघाले.

ओतशाळा पाहून ओताऱ्याचे डोळे दिपले. भट्टी त्याच्या घराहून उंच होती. तो तिच्याभोवती फिरत राहिला, विटांवर हात ठेवून उभा राहिला. बायको बाजूला थांबून त्याच्याकडे पाहत होती.

तिथेच त्यांना शेजारच्या गावचा एक नक्षीगार भेटला. तो पूर्वीच दरबारात कामाला लागला होता. अंगावर रेशमी अंगरखा, डोक्याला जरीचं पागोटं. त्याने दोघांना आग्रहाने घरी नेलं. घर म्हणजे तेलघाण्याच्या वरची एक खोली. एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्यात अंथरुणं, मध्ये दोरीवर वाळत घातलेले कपडे. मुलं काही बोलायची तर एकमेकांच्या कानात बोलत होती, कारण मोठ्याने बोललं की खालून घरमालक ओरडायचा.

"भाडं किती?" ओताऱ्याने विचारलं.

"पगारातला निम्म्याहून जास्त तिकडेच जातो. शिवाय पाणी विकत. आणि दरबाराने पगार वाढवला की पाठोपाठ मालक भाडं वाढवतो."

"मग कोटाबाहेर का नाही राहत, भाऊजी?" ओताऱ्याची बायको म्हणाली.

"बाहेर घरं मोठी आहेत, वहिनी. पण दिवस मावळला की वेशीचा दरवाजा बंद होतो, आणि आमचं काम सुटतं दिवेलागणीनंतर. बाहेर राहणारे आठवड्यातून एकदा मुलांची तोंडं बघतात."

"आणि इथे सुईणीचं काम मिळेल का?"

"गल्लीगल्लीच्या सुइणी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या आहेत. नव्या बाईला कोण बोलावणार?"

ओतारी म्हणाला, "अरे, मग गावी परत का येत नाहीस?"

नक्षीगाराने मान खाली घातली. "खोलीची अनामत भरायला गावचं घर विकलं."

परतीच्या वाटेवर एका झाडाखाली दोघं हिशेब मांडत बसले. पगारातून भाडं गेलं, पाणी गेलं, बायकोची कमाई गेली, परसातली भाजी गेली. मागे उरत होतं ते आज घरी उरायचं तेवढंच.

ओतारी म्हणाला, "मला ती भट्टी हवी आहे गं."

"ठाऊक आहे मला. तिथे तुमचा चेहरा बघितला मी." ती बाळाला थोपटत म्हणाली, "मी नाही म्हणत नाही. तुम्ही ठरवाल तर उद्या बांधाबांध करते. पण मग पोरींना आतापासून सांगून ठेवा, हसायचं ते हळू."

ओतारी उठला आणि एकटाच मागे फिरला. कारभाऱ्याला म्हणाला, "मला पगार दुप्पटच द्या, पण ओतशाळेच्या आवारात राहायला जागा द्या."

कारभारी हसला. "दरबार पगार देतो, घरं देत नाही."

"मग मला येता यायचं नाही," ओतारी म्हणाला. निघता निघता तो थांबला. "पलीकडच्या खोऱ्यात एक ओतारी आहे. मुली सासरी गेल्या, आता नवराबायको दोघंच असतात. हात माझ्याइतकाच चांगला आहे. त्याला विचारून बघा."

तो दुसरा ओतारी गेला. त्याने अशी प्रचंड घंटा ओतली की राज्यभर तिचं नाव झालं. गावातले लोक आपल्या ओताऱ्याला म्हणायचे, "ती घंटा तुझी असती!" ते खरं होतं, म्हणूनच त्याला जास्त लागायचं. कित्येक दिवस लहान घंटांत त्याचं मन रमेना.

पुढच्या उन्हाळ्यात तो दुसरा ओतारी भेटायला आला. चांगला सुखात दिसत होता. म्हणाला, "आम्हा दोघांना एक खोली पुष्कळ होते. बायको खिडकीतून बाजार बघत बसते, तिला करमतं. तू नाही म्हणालास म्हणून माझं भलं झालं. पण खरं सांग, वाईट वाटत नाही तुला?"

"वाटतं," ओतारी म्हणाला. "ती घंटा मी ओतायला हवी होती असं अजून वाटतं. पण त्या खोलीत आम्ही पाच जण मावलो असतो, असं काही केल्या वाटत नाही."

पाहुणा मनापासून हसला. मग चार दिवस राहून त्याने मोठ्या साच्याची सगळी युक्ती ओताऱ्याला शिकवली. त्या वर्षी ओताऱ्याने आपल्या भट्टीतली आजवरची सर्वांत मोठी घंटा ओतली. राजधानीतल्या घंटेच्या ती निम्मीही नव्हती. पण ती देवळात चढवायला सगळं गाव जमलं होतं, आणि दोर ओढणाऱ्यांत सर्वांत पुढे ओतारी होता.

तात्पर्य इतकंच: जी नोकरी एकाला लाभते ती दुसऱ्याला लाभेलच असं नाही. हो म्हणण्याआधी तिथलं घर स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं, आणि पगार आपल्या संसाराच्या मापाने मोजावा.